जुनं गावठाण सोडण्याआधी निदान मोजायला नको होतं का?

तेरणाकाठ: ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं नव्या जागी नेली. कुठल्या गल्ल्या, कुठले वाडे राखण्याजोगे आहेत, हे आधी बघायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे. दारातली ढेळज म्हणजे ओसरी, चौक, धान्य साठवायचं भिंतीतलं बळद, वर माळवद म्हणजे मातीचं सपाट छत. उन्हाच्या मुलखानं घडवलेली घरं ती. नव्या गावात सरळ रस्ते आणि ज्याच्या त्याच्या जमिनीप्रमाणे २५०, ४०० नाहीतर ७५० चौरस फुटांचं घर. भावकी पांगली, गुरं बांधायला जागा राहिली नाही.

काळी_माती: माझी आजी माळवदाखाली गेली. आदल्या दिवशी गणपती बोळवून सगळे दमून झोपले होते. दोन-अडीच फुटी दगडमातीच्या भिंती, आणि गळू नये म्हणून वर्षानुवर्षं टाकलेली पांढरी माती डोक्यावर. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आई तर नंतर कितीतरी वर्षं पक्क्या छताखालीसुद्धा झोपली नाही, अंगणात पत्र्याखाली झोपायची. जपायचं म्हणता ते हेच घर ना?

तेरणाकाठ: आजींबद्दल वाचून वाईट वाटलं. पण पुष्कळ घरांत भिंती ढासळूनही लाकडी खणांचा सांगाडा उभा होता. घात केला भिंतींनी आणि मातीच्या ओझ्यानं. दोन्हीकडून दगड रचून मधे नुसती भर, आरपार सांधणारा लांब दगड कुठेच नाही. पुढे सरकारच्याच कार्यक्रमात, न हललेल्या गावांतली घरं भिंतींना सांधे देऊन आणि वरची माती उतरवून बळकट केलीच की.

काळी_माती: ते पुढे. त्या महिन्यात, जिथून प्रेतं काढली तिथे राहायला कोण आलं असतं? गाव हलवा, असं आम्हीच म्हणत होतो. सरकारनं ढकललं नाही.

तेरणाकाठ: राहायला जा असं नाहीच म्हणत. हलायचं ते हला, पण दोन-चार वाडे, एखादी गल्ली, आणि सगळ्या गावाचा नकाशा. एवढं राखता आलं असतं.

बाभुळबन: मी नव्या गावात जन्मले. जुन्या गावात आता काटेरी झुडपं आहेत, आमच्या वाड्याचे खांब कधीच विकले गेले. आजोबांना मात्र घरं ओळीनं पाठ आहेत, अजून सांगतात. या दिवाळीत त्यांच्याजवळ बसून कागदावर काढणार आहे. काळी_माती, बोलण्यावरून तुम्ही आमच्याच गावचे वाटता. तुमचं घर कुठे होतं?

काळी_माती: मारुतीच्या पारामागं, तिसरं. दारात लिंब होता.