मदत हवी आहे: घरच्या सर्व्हरला बाहेरून वायरगार्डने जोडता येत नाही

नमस्कार मंडळी. जुन्या लॅपटॉपवर डेबियन (लिनक्स) टाकून घरचा सर्व्हर उभा केलाय. डॉकरमध्ये इमिच (फोटोंसाठी) आणि जेलीफिन (चित्रपट-गाण्यांसाठी), घरच्या वायफायवर सगळं सुरळीत. आईबाबांचे जुने फोटो त्यावरच आहेत, ते बाहेरूनही सुरक्षितपणे बघता यावेत अशी फार इच्छा आहे.

त्यासाठी वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) बसवलं, राउटरवर यूडीपी ५१८२० पोर्ट फॉरवर्ड केला. तरी मोबाइल डेटावरून हँडशेक (फोन आणि सर्व्हरची सुरुवातीची जोडणी) होतच नाही. दोन रात्री फायरवॉलचे नियम तपासण्यात गेल्या. काल लक्षात आलं की राउटरचा वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) १००.७२ ने सुरू होतोय, आणि १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा तर सीजीनॅटचा, जिथे इंटरनेट कंपनी एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटते. म्हणजे पोर्ट फॉरवर्ड करून उपयोगच नाही, बरोबर ना?

आयपीव्ही६ मिळतंय, पण बाहेरच्या प्रत्येक नेटवर्कवर ते असेलच असं नाही. म्हणून छोटा व्हीपीएस (भाड्याचा ऑनलाइन सर्व्हर) मध्ये ठेवायचा विचार आहे. पण तोच वायरगार्डचा हब झाला तर डेटा तिथे डिक्रिप्ट होणार, ते मला नकोय. व्हीपीएसवरून नुसते यूडीपी पॅकेट घराकडे पुढे पाठवून, चाव्या फक्त फोन आणि सर्व्हरवर ठेवणं कुणी केलंय का? एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) किती ठेवलात? कॉन्फिगचा नमुना मिळाला तर फार बरं होईल.