रुमानिया : ड्रॅक्युला वगळून काय बघू?

रानवाटा : सप्टेंबरात आठ दिवस रुमानियाला चाललोय. सहलवाल्यांच्या यादीत ब्रान किल्ला, ड्रॅक्युला आणि परत ड्रॅक्युला. मला तिथल्या राजांचा खरा इतिहास समजेल असं काही बघायचंय. वाचायला घेतलं तर गादीवर आज हा, उद्या त्याचा भाऊ, परवा पुन्हा हाच. डोकं गरगरलं. सुरुवात कुठून करू?

जुनीवही : गरगरणारच. थोरल्याला गादी असा नियमच नव्हता. राजाचं रक्त असलं की झालं, मग अनौरस मुलगाही चाले. निवड करायचे बोयार, म्हणजे तिथले सरदार-जमीनदार. भाऊबंदकीला ऊत! त्यात हंगेरी आणि तुर्क, दोघांकडे आपापला वारस तयार. व्लाड त्सेपेश, म्हणजे ड्रॅक्युला हे नाव ज्याच्यावरून आलं तो वालाकियाचा राजा, आणि त्याचा धाकटा भाऊ राडू लहानपणी तुर्कांच्या सुलतानाकडे ओलीस होते. १४६२ मध्ये सुलतान दुसरा मेहमेद व्लाडवर चालून गेला, तेव्हा राडू तुर्कांच्या बाजूने होता. गादी त्यालाच मिळाली.
ब्रानचा व्लाडशी संबंध नावापुरताच. त्यापेक्षा तर्गोविश्ते करा, बुखारेस्टहून साधारण ८० किमी. राजवाड्याचे अवशेष, किंदिया बुरूज, आणि जवळच्या देआलू मठात मिहाई वितेआझूलची कबर. कबरीत फक्त शिर आहे. १६०० मध्ये वालाकिया, मोल्दाव्हिया आणि ट्रान्सिल्व्हेनिया ही तिन्ही राज्यं एका हाताखाली आणलेला माणूस. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याच्या सेनापतीने, म्हणजे ज्याच्याबरोबर नुकतीच लढाई जिंकली त्यानेच, मारवला.

अर्धाकप : मी उलट सांगेन. आधी मोल्दाव्हिया. श्तेफान चेल मारे, म्हणजे थोर श्तेफान, १४५७ ते १५०४, एकच राजा ४७ वर्षं, डोक्याला ताप नाही. सुचावाला मुक्काम करा. वोरोनेत्सचं चर्च त्याने १४८८ मध्ये चार महिन्यांच्या आत उभारलं. बाहेरची चित्रं नंतरची. अंतिम निवाड्याच्या चित्रात पाप्यांच्या घोळक्यात पागोटेवाले तुर्क शोधा.
मोल्दोवित्साचं चर्च तर चुकवूच नका. दक्षिणेच्या भिंतीवर कॉन्स्टँटिनोपलचा वेढा आहे. प्रसंग ६२६ सालचा, शत्रू खरं तर इराणी आणि आवार, पण चितारलेत चक्क तुर्क! काढवून घेतलं १५३७ मध्ये पेत्रू रारेशने, हा श्तेफानचा अनौरस मुलगा. पुढच्या वर्षी तुर्कांचा सुलतान सुलेमान खरोखरच आला, रारेश पळाला, आणि १५४१ मध्ये त्याच सुलेमानच्या मर्जीने परत गादीवर बसला.

रानवाटा : हे भारी आहे. आणि ते फनारियोत काय प्रकरण?

जुनीवही : इस्तंबूलचे ग्रीक घराणेदार. अठराव्या शतकात सुलतान त्यांनाच इथल्या गादीवर नेमायचा, त्यांच्याकडून पैसे मोजून घेऊन. कॉन्स्तान्तिन माव्रोकोर्दात वालाकियात सहा वेळा आणि मोल्दाव्हियात चार वेळा राजा झाला. ते वाचनातच उरका. त्याऐवजी अर्धा दिवस बुखारेस्टलगतच्या मोगोशोआयाला द्या. वालाकियाचा राजा ब्रिंकोव्यानूचा वाडा, तळ्याकाठी. १७१४ मध्ये त्याला चार मुलांसकट इस्तंबूलला मारलं.

रानवाटा : ठरलं, चार दिवस सुचावा, दोन तर्गोविश्ते. व्लाडच्या पोएनारी किल्ल्याच्या १४८० पायऱ्यांना गुडघे नको म्हणतायत. ब्रान मात्र ठेवावा लागेल, मुलीने दात लावून फोटो काढायचं ठरवलंय.