सोलापुरात बसून मड व्होल्कॅनोवर प्रोजेक्ट होईल का? (सॅटेलाइट डेटा)

हुतात्मा_लेट:
एमएस्सी जिओइन्फर्मेटिक्स, दुसरं वर्ष. गाईड म्हणाले विषय तुम्हीच आणा, मी जोशात मड व्होल्कॅनो (चिखलाचे ज्वालामुखी) बोलून बसलो आणि आता झोप उडालीय. आपल्याकडं सगळा काळा बसाल्ट, असलं काही नाहीच, म्हणून अंदमानचं बाराटांग धरलंय, निदान भारतातलं तरी आहे. लँडसॅट सॅटेलाइटचा थर्मल (उष्णता मोजणारा) बँड घ्यायचा, तापमान वाढलं की उद्रेक झाला असं दाखवायचं, असा प्लॅन. लॅपटॉप 8 जीबी रॅमचा. पप्पा म्हणतात बोअर मारताना पण चिखल उडतोच की, त्याच्यावर कर 😐

दगडफोड्या:
थर्मलचं आधी डोक्यातून काढ बे. नावात ज्वालामुखी आहे पण खाली लाव्हा नसतो, गॅस (बहुतेक मिथेन) आणि पाणी दाबाखाली चिखल वर ढकलतात आणि तो चिखल बऱ्याचदा गारच असतो. आणि लँडसॅट 8 चा थर्मल पिक्सेल मुळात 100 मीटरचा, बाराटांगची चिखलाची तोंडं एका पिक्सेलच्या कोपऱ्यात बसतील, वरून जंगल, वरून ढग. गॅस पेटला तर गोष्ट वेगळी, अझरबैजानच्या लोकबातानला 2001 मध्ये मोठ्या ज्वाळा निघाल्या होत्या, पण तसं रोज होत नाही.
पप्पांना हसू नको हां. इंडोनेशियात सिदोआर्जोला 29 मे 2006 ला चिखल सुरू झाला, गावं गाडली गेली, आणि कारण जवळची गॅसची बोअर का दोन दिवस आधीचा योग्यकर्ताचा भूकंप यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत.

हुतात्मा_लेट:
मग इन्सार करू का? सेंटिनेल-1 या रडार सॅटेलाइटचा डेटा फुकट आहे म्हणे

रडारवाली_ताई:
कर, पण बाराटांगवर नको. इन्सार म्हणजे दोन तारखांच्या रडार फोटोंच्या फेजमधला (परतलेल्या लहरीच्या टप्प्यातला) फरक, सेंटिनेल-1 ची लहर साडेपाच सेंटिमीटरची, त्यामुळं जमीन सॅटेलाइटच्या दिशेनं 2.8 सेंटिमीटर सरकली की एक रंगपट्टा पूर्ण होतो. पण दोन फोटोंमधल्या 12 दिवसांत झाडांची पानं हलतात आणि सी-बँडला (सेंटिनेल-1 च्या या छोट्या लहरीला) पानंच दिसतात, म्हणून जंगलात सगळा गोंगाट येतो. अझरबैजान उघडं, कोरडं, साडेतीनशेच्या वर मड व्होल्कॅनो, तिथल्या अयाझ-अख्तरमावर एन्विसॅट या जुन्या सॅटेलाइटच्या डेटातून जमीन फुगलेली मोजलीय लोकांनी. झाडीसाठी एल-बँड बरा, लहर 24 सेंटिमीटरची, पानांतून खाली जाते. आपला आणि नासाचा नायसार सॅटेलाइट 30 जुलै 2025 ला श्रीहरिकोट्याहून गेला, त्यात एल-बँड आहे.
फक्त 8 जीबीवर स्नॅपमध्ये (सेंटिनेल डेटाचं फुकट सॉफ्टवेअर) अख्खा सीन उघडशील तर लॅपटॉपचाच उद्रेक होईल, एकच बर्स्ट (सीनचा छोटा पट्टा) कापून घे. माझा एकदा रात्रभर चालवून पहाटे हँग झालेला, तेव्हापासून मी दर स्टेपला सेव्ह करते.

दगडफोड्या:
मला विचारशील तर इन्सार पण सोड, चार महिन्यांत फेज अनरॅपिंग (रंगपट्ट्यांवरून खरं सरकणं काढणं) शिकण्यातच म्हातारा होशील. ग्वादरचं बेट घे. 24 सप्टेंबर 2013 ला बलुचिस्तानात 7.7 चा भूकंप झाला, केंद्र कित्येकशे किलोमीटर आत, आणि इकडं अरबी समुद्रात चिखलाचं बेट वर आलं, झलझला कोह. दीडशे-पावणेदोनशे मीटरचं, म्हणजे लँडसॅटच्या 30 मीटरच्या पिक्सेलमध्ये पाच-सहा घरं. लाटांनी खात खात 2016 संपेपर्यंत पाण्याखाली गेलं. प्रत्येक स्वच्छ तारखेचं क्षेत्रफळ काढ, ग्राफ टाक, झाला प्रोजेक्ट.

रडारवाली_ताई:
पटलं. पण सेंटिनेल-2 (रडार नाही, साधे फोटो काढणारा) जून 2015 ला गेला, म्हणजे बेट उगवताना लँडसॅटच, सेंटिनेल शेवटी शेवटी मिळेल. आणि भरती-ओहोटी विसरू नको, नाहीतर ओहोटीला बेट वाढलं असं लिहून बसशील. तुलनेला कॅस्पियन समुद्रातलं कुमानी बँक हे चिखलाचं बेट ठेव, 2023 ला वर आलं आणि 2024 संपता संपता जवळजवळ गेलं, कॅस्पियनला भरती नगण्य म्हणून काम सोपं.

हुतात्मा_लेट:
ग्वादर आणि कुमानी फायनल 🙏 पाणी-जमीन वेगळं करायला एनडीडब्ल्यूआय का एमएनडीडब्ल्यूआय (बँडांवरून पाणी ओळखायची दोन सूत्रं)?

दगडफोड्या:
दोन्ही आधी आपल्या हिप्परगा तलावावर चालवून बघ की, एक उन्हाळ्यातला सीन आणि एक पावसाळ्यानंतरचा. काठ कुठं आहे ते तुला स्वतःला माहितीय, चुकलं तर गाडी काढून जाऊन बघता येतं, ग्वादरला कुठं जाणारेस. थ्रेशोल्ड (कुठल्या आकड्यापासून पाणी धरायचं ते) तिथं शिक, मग समुद्रावर लाव, पण आकडा तोच ठेवू नको, गढूळ पाणी फसवतं.