मदत हवी आहे : थंडी सरताना गावातले कार्यक्रम पाहता पाहता इंग्रजी बोलण्याचा सराव कसा करावा?

सप्रेम नमस्कार. मी वडोदऱ्यात दांडिया बाजार परिसरात राहते. माझे शिक्षण मराठीतून झाले असून, इंग्रजी वाचलेले बऱ्यापैकी समजते. मात्र समोरच्याशी बोलताना वाक्य मनात जुळेपर्यंत विषय पुढे सरकलेला असतो.

उत्तरायणाचे पतंग उतरल्यापासून होळीपर्यंतचा काळ आपल्या शहरात बाहेर हिंडण्यास सर्वांत सुखाचा (पुढे उन्हाळा कोणाला सोडतो?), म्हणून या दिवसांतच सराव करावा असे मी ठरवले आहे. १८७९ साली सयाजीराव महाराजांनी लोकांसाठी खुल्या केलेल्या कमाटीबागेतील संग्रहालयात इजिप्तची ममी आणि देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे. तेथील इंग्रजी पाट्या वाचून तीच माहिती आपल्या शब्दांत सोबतच्या व्यक्तीला सांगणे मला जमण्यासारखे वाटते. माघ वद्य चतुर्दशीला, म्हणजे महाशिवरात्रीला, निघणारी शिवाची सवारी आणि सूरसागर तलावावरील गर्दी यांचे वर्णन परगावच्या पाहुण्यास इंग्रजीत करणे मात्र फार कठीण आहे, कारण तेथे पाटी नसते आणि ढोलताशांत ऐकूही येत नाही.

कार्यक्रमाला जाण्यापूर्वी कोणती तयारी करावी, चुका तेथल्या तेथे सुधाराव्यात की घरी आल्यावर, आणि अनोळखी पर्यटकांशी संभाषण कसे सुरू करावे, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे. रविवारी सकाळी बागेत केवळ इंग्रजीत बोलत फिरण्यास कोणी भगिनी तयार असल्यास तसेही कळवावे.