मेंदूत बॅटरी कुठं असते?

खानापूरची पोरगी:
दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता पीयूसीला (अकरावी-बारावीला) सगळं इंग्रजीत. हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणींचा भाग, त्यातल्या पेशी वीज तयार करतात म्हणे. वायर नाही, सेल नाही, मग वीज कसली? आमच्यात पावसाळ्यात खांबावरचीच टिकत नाही!

टिळकवाडीचे मास्तर:
बाळ, तारेत इलेक्ट्रॉन धावतात, इथं मिठातले आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण. पेशीच्या पडद्यातला पंप दर फेरीला ३ सोडियम बाहेर टाकतो, २ पोटॅशियम आत घेतो. आत साठलेलं पोटॅशियम थोडं थोडं बाहेर झिरपतं, म्हणून आतली बाजू साधारण ७० मिलिव्होल्टनं ऋण राहते. राकसकोपच्या धरणात पाणी अडवून ठेवावं तसं. शेजारच्या पेशींचे इशारे जमून हे ऋण ५५च्या आसपास उतरलं, की सोडियमची दारं धडाधड उघडतात. सोडियम आत घुसतं, आतली बाजू क्षणभर धन होते. मग पोटॅशियम बाहेर पडून गाडी रुळावर. सोडियमचा खेळ जेमतेम एका मिलिसेकंदाचा.

खानापूरची पोरगी:
म्हणजे ठिणगी पंपच पाडतो ना सर?

टिळकवाडीचे मास्तर:
नाही गं, इथंच सगळे फसतात. पंप नुसतं धरण भरतो. दारं वेगळी.

निपाणीकर:
मास्तर, मेंदूचा शास्त्रज्ञ जॉन ओकीफ राहिला की! १९७१ मध्ये त्यानं उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ठरावीक जागी आल्यावरच कडकडणाऱ्या पेशी दाखवल्या. २०१४ला नोबेल. आमची आजी बेळगावच्या खडेबाजारात डोळे मिटून कुंदा मिठाईच्या दुकानापर्यंत जाते, त्याचं गुपित कळलं.

खानापूरची पोरगी:
आजीला विचारा, कुंदा कुठला चांगला!