मदत हवी आहे: पेटी चढी, गिटारचा गंधार जुळेना

जळगावात एका अहिराणी गाण्यासाठी अकूस्टिक गिटारचं डबिंग चालू आहे. गायन काळी एकमध्ये, पेटी (हार्मोनियम) ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरापेक्षा साधारण २५ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढी. म्हणून ट्यूनर ४४६ ला, कॅपो (सगळ्या तारा दाबून सूर चढवणारी चाप) चौथ्या फ्रेटवर, ए शेप (ए कॉर्डची बोटांची मांडणी). सा-प चोख जुळतात. बी तारेवरचा गंधार मात्र पेटीपेक्षा चढा लागतो आणि लांब सुरावर लहर (दोन सूर न जुळल्याने येणारी थरथर) स्पष्ट ऐकू येते.

तारा नव्या आहेत, ११ चा (तारांच्या जाडीचा) सेट. बाराव्या फ्रेटवर इंटोनेशन (फ्रेट दाबल्यावरचा सूर) बरोबर. कॅपो फ्रेटला चिकटून लावल्यावर पुन्हा सूर मिळवला. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सी शेप वाजवला, तर गंधार दोन तारांवर येतो आणि लहर उलट वाढते.

पेटी आणि आवाज एकाच माइकवर आहेत, त्यामुळे पेटीचा सूर वेगळा बदलता येत नाही. पुन्हा रेकॉर्डिंगही होणार नाही. गंधार गाळला तर अंतरा पोकळ वाटतो, संगीतकारांना भरलेली कॉर्डच हवी आहे.

बी तार ८-१० सेंट उतरवली तर डी शेपमध्ये त्याच तारेवरचा मध्यम पडतो. मग दोन्ही शेप वेगळ्या ट्यूनिंगने, वेगळ्या ट्रॅकवर घेऊन जोडावेत, की ए शेपचा गंधार दुसऱ्या तारेवर नेणारं एखादं व्हॉइसिंग (त्याच कॉर्डच्या सुरांची वेगळी मांडणी) आहे?