मूल सांभाळणाऱ्या आजीला आणि शेजारणीला सरकारने पैसे द्यावेत का?

पर्वतीपायथा

मुद्दा आधीच सांगते. आईबाप कामावर गेल्यावर तीन वर्षांखालच्या लेकराला जी आजी, मावशी किंवा शेजारीण सांभाळते, तिच्या स्वतःच्या खात्यात राज्य सरकारने दरमहा पैसे जमा करावेत. बापाच्या नाही, आईच्याही नाही, सांभाळणारीच्या.

मी पुण्यात घरकामगार बायकांबरोबर काम करते. धुण्याभांड्याची कामं सकाळी सातला सुरू होतात. त्या वेळी अंगणवाडीला कुलूप असतं. उघडली तरी ती तीन वर्षांपुढच्या मुलांना बसवून घेते आणि दुपारी बंद होते. आई घरी येते साडेचारला. एवढा वेळ मूल कुठे असतं? एका शेजारणीकडे मी बरेचदा जाऊन बसते. दहा बाय दहाची खोली. वरच्या पायपाला साडीची झोळी, तिच्यात सहा महिन्यांचं बाळ. गॅसची शेगडी पार भिंतीला लावलेली आणि पुढे फळी ठोकलेली, कारण दोन वर्षांचा एक पोरगा कट्ट्याला लोंबकळतो. उंबऱ्यात पाट आडवा, कारण बाहेर उघडं गटार आहे. आयांना परवडेल तेवढेच पैसे ती घेते, त्यातच दूध-बिस्किटं. एखादीचे खाडे जास्त होऊन पगार कापला गेला, तर त्या महिन्यात मागतही नाही. ही मुलं सांभाळायला तिने स्वतःची दोन घरची कामं सोडली. त्या कामांचा पगार कोण भरून देणार?

२०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा आली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. चांगलंच झालं. पण चार घरची भांडी घासणारीला कुठली आस्थापना आणि कुठली रजा? तिचं पाळणाघर म्हणजे ही शेजारीणच.

दुसरीकडे हे सुरू झालंय. दक्षिण कोरियातल्या सोल शहराने २०२३ मध्ये आजी-आजोबांना आणि जवळच्या नातेवाइकांना महिन्याला ३ लाख वॉन द्यायला सुरुवात केली, अट महिन्याला किमान ४० तास सांभाळण्याची. पुढच्याच वर्षी तिथल्या ग्योंगी प्रांताने शेजाऱ्यांनाही त्यात घेतलं. आपल्याकडे का नको? विरोध असेल तर मोकळेपणाने लिहा.

हिशेबनीस

विरोध आहे, आणि तो पैशाचाच आहे. कोरियाचा दाखला इथे लागू होत नाही ताई. २०२३ मध्ये तिथला जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, ०.७२ वर आला होता. लोकांनी मुलं जन्माला घालावीत म्हणून ते सरकार पैसा ओततंय. आपला प्रश्न तो नाही.

दुसरं, महाराष्ट्रात नातवंडं सांभाळत नाही अशी आजी मला दाखवा. यादी कुठे थांबणार? लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये २०२४ पासून जातात, आणि वर्षभरात पडताळणीत लाखो नावं संशयास्पद निघाली. तिथे निदान वय, उत्पन्न, कागद तपासता येतात. कोण कोणाचं मूल किती तास सांभाळतं हे कोणता तलाठी तपासणार? शेजारीशेजारी दोघी एकमेकींची मुलं कागदावर अदलाबदल करतील आणि दोघी पैसे उचलतील.

पर्वतीपायथा

दोघी खरंच अदलाबदलीने मुलं सांभाळत असतील आणि त्यामुळे दोघी आळीपाळीने कामावर जात असतील, तर दोघींना द्या. मला त्यात गैर दिसत नाही.

आणि लाडकी बहीणचं वय २१ ते ६५. सदुसष्ट वर्षांची आजी कमरेवर नातू घेऊन फिरते, तिला ते पैसे मिळतच नाहीत.

निवृत्त_बाई_नगर

मी अडुसष्ट वर्षांची. शाळेतून निवृत्त झाले आणि नातीला सांभाळते. मला हे पैसे नकोत, आणि का नकोत ते नीट सांगते.

नात माझ्या जिवाचा तुकडा आहे. पण सकाळी आठ ते संध्याकाळी सात मी बांधलेली आहे. गुडघ्याचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं, कारण "मग बाळाचं काय?" हा प्रश्न घरात विचारला जातो. आजही मला "या महिन्यात जमणार नाही" म्हणताना अवघड जातं. उद्या माझ्या खात्यात सरकारचे पैसे यायला लागले, तर ते म्हणायची सोयच राहणार नाही. सून बोलणार नाही, ती गुणी आहे. पण मुलगा म्हणेल, आई, तुला त्याचे मिळतात ना. नात्यात एकदा मोबदला आला की तो मागे लागतो. माझ्या वयाच्या बाईला पैशापेक्षा नकार देण्याची जागा हवी आहे, आणि ती जागा चांगलं, परवडणारं पाळणाघर असल्याशिवाय मिळत नाही.

आष्टीचा

बाई, तुमचं म्हणणं मनाला लागलं. पण तुम्हाला पेन्शन आहे. आमच्याकडची म्हातारी वेगळी आहे.

दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला गाव रिकामं होतं. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, नवराबायको मिळून एक कोयता, आणि चार-पाच महिने कारखान्याकडे. ज्यांच्या घरी धडधाकट आजी आहे त्यांची लेकरं गावात राहतात. ज्यांच्याकडे नाही त्यांची फडात. फड म्हणजे काय ते सांगतो. पहाटे अंधारात तोडणी सुरू होते, तान्हं पाचटावर गोधडी टाकून निजवतात. चालता येणारं पोरगं बैलगाडीच्या, ट्रॅक्टरच्या चाकांजवळ खेळतं. साप-विंचू आहेतच. रात्री कोपीत, म्हणजे झोपडीत, थंडी.

गावात राहिलेली आजी काय करते? पोरं सांभाळायची म्हणून तिला कापूस वेचायला, खुरपायला जाता येत नाही. तिचा रोज बुडतो. आईबाप फोनवर पैसे पाठवतात, पण उचल फिटेपर्यंत हातात येतंच किती? किराणा उधारीवर. शाळेच्या वयाच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची काहीतरी सोय आहे, तीन वर्षांखालच्याला काहीच नाही. त्या आजीला महिन्याला दोन हजार दिले तर नातं बिघडणार नाही, दूध येईल.

नात्यातल्या माणसाला मूल सांभाळायचे पैसे देणं आपल्या सरकारला नवीन पण नाही. बालसंगोपन योजना काय आहे मग? बाप गेलेल्या, अनाथ लेकराला काका-मामा-आजीने सांभाळलं तर महिन्याला पैसे मिळतात. आधी ११०० होते, आता २२५०. हयात असलेला बाप पाच महिने दोनशे किलोमीटरवर ऊस तोडतोय, तेव्हा लेकरू कोणाच्या भरवशावर आहे?

हिशेबनीस

आष्टीच्या दादा, ऊसतोडीचा मुद्दा मला मान्य आहे. तिथे पाच महिने ठरलेले आहेत, गाव ठरलेलं आहे, कोण गेलं ते ग्रामपंचायतीला माहीत असतं. मोजता येतं. मी शहरातल्या सरसकट योजनेला विरोध करतोय.

पाळणा_हक्क

मी या मागणीच्या पूर्ण विरोधात आहे, आणि मी डावीकडून विरोध करते. सरकारला हे फार आवडेल. पाळणाघर काढायचं तर जागा, बाई, मदतनीस, स्वयंपाक, पाणी, संडास, सगळं आलं. त्यापेक्षा आजीच्या खात्यात दोन हजार टाकले की जबाबदारी संपली.

केंद्राच्या मिशन शक्तीत 'पाळणा' ही पाळणाघरांची योजना आहे. सहा महिने ते सहा वर्षं वयाची मुलं, एका पाळण्यात २५ पर्यंत, दिवसाला साडेसात तास, महिन्याला २६ दिवस. अंगणवाडीला जोडून देशभर १७,००० पाळणे काढायचे असं ठरलं. आपल्या वस्तीत किती उघडले, हे विचारत बसलं पाहिजे. आपण ते सोडून रोख रकमेच्या मागे लागलो तर पाळणा कधीच येणार नाही.

आणि ज्या खोलीचं वर्णन धाग्यात आहे, ते वाचून मला भीती वाटली. झोळी, शेगडी, उघडं गटार, आणि एकटी बाई. ती प्रेमळ आहे यात शंका नाही. पण ती ताप येऊन पडली तर? आणखी एक, जे कोणीच लिहिलं नाही. पैसे आजीच्या नावावर येतील आणि मूल प्रत्यक्षात सांभाळेल दहा वर्षांची ताई. आजही अशा मुली शाळेतून गळतात. पैसे आले की तिचं घरी बसणं पक्कं होईल.

ऑस्लोहून

इथला अनुभव, फक्त माहितीसाठी. नॉर्वेने १९९८ मध्ये सरकारी मदतीच्या बालवाडीत मूल न घालणाऱ्या पालकांना रोख पैसे द्यायला सुरुवात केली. ते पैसे आजीला नाहीत, आईबापांना, हा फरक आहे. त्यावर टीका अशी होत आली की बाहेरून आलेल्या, कमी पगाराच्या बायका कामावर जायच्याच थांबतात आणि त्यांची मुलं भाषेला मुकतात. पुढे पैसे मिळण्याचं वय कमी करत आणलं. बालवाडीत जागा मिळणं मात्र २००९ पासून मुलाचा हक्क आहे. आधी जागेचा हक्क दिला तर मग रोख रकमेचं भांडण उरतच नाही, असं मला इथे राहून वाटतं.

पर्वतीपायथा

ऑस्लोचा फरक तुम्हीच सांगितलात. तिथे पैसे आईला घरी बसायचे मिळत होते. मी मागते ते आई कामावर गेली तरच मिळणारे.

पाळणा_हक्क ताई, दहा वर्षांच्या ताईचा मुद्दा खरा आहे आणि तो मोठा आहे. म्हणून अट हवी: घरात सहा ते चौदा वयाची मुलगी असेल तर तिची शाळेतली हजेरी बघून पैसे. पण तुमच्या भीतीबद्दल. त्या खोलीत धोका आहे म्हणून तिला मदत नको, हे मला पटत नाही. मदत नाही म्हणून मुलं तिथे जायची थांबलेली नाहीत. नोंद झाली तर निदान कोणीतरी तिथे जाऊन गटारावर फरशी टाका म्हणेल, प्रथमोपचार शिकवेल. सोलमध्ये सुद्धा पैसे मिळण्याआधी छोटं प्रशिक्षण घ्यावं लागतं.

आणि ओळखीच्या बाईला मूल सांभाळायची मजुरी देणं हे आपल्याच कायद्यात बसलेलं तत्त्व आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं आली तर त्यांच्यातल्याच एका बाईला मुलांजवळ बसवून तिला पूर्ण मजुरी द्यायची तरतूद केली होती. माती उचलणं आणि मूल सांभाळणं, दोन्हीची मजुरी सारखी. वस्तीतली शेजारीण तेच करते.

आजोबाही_आहेत

सगळे आजी, मावशी, काकू लिहिताय. केंद्राच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे रोजचे २८९ मिनिटं जातात, पुरुषांचे ८८. योजना आली तर आजोबांच्या नावानेही अर्ज घ्यावा. मी दोन नातवंडं सांभाळतो, डबा भरतो, लंगोटही बदलतो.

सेविका_अंगणवाडी

एवढा वेळ वाचत होते. नोंद ठेवायची, खोली बघायची, ताईची हजेरी बघायची, हे सगळं शेवटी कोणाकडे येणार ते मला ठाऊक आहे. वजन-उंची, पोषण आहार, मोबाइलवर रोजची माहिती भरणं, लसीकरणाच्या दिवशी बोलावणं, निवडणुकीची कामं. त्यात आता तीस घरं फिरून कोण कोणाला सांभाळतं ते लिहायचं? आम्हाला मानधन मिळतं, पगार नाही.

तरी मी योजनेच्या बाजूने आहे. कारण मला माझ्या केंद्रातली घरं माहीत आहेत. कुठली आजी पोराला भरवते, कुठे बाळ दुपारभर ओल्या दुपट्यात पडून असतं, हे मला तलाठ्यापेक्षा जास्त कळतं. हिशेबनीस दादांचा तपासणीचा प्रश्न आम्ही सोडवू शकतो. पण दर घरभेटीचे वेगळे पैसे आणि वेगळी मदतनीस द्या. सांभाळणारीच्या कामाला मोल आहे म्हणताना ते काम तपासणारीला फुकट राबवू नका.

हिशेबनीस

सेविका ताईंचं पटलं. मग दोन गोष्टी धरून पुढे जाऊ. पहिल्या हंगामात फक्त ऊसतोडीला माणसं जाणारे तालुके, नोव्हेंबर ते मार्च. शहरात तोवर पाळण्याचाच आग्रह.

पर्वतीपायथा

ऊसतोडीपासून सुरुवात मान्य. शहरात थांबणं मान्य नाही. पाळणा सकाळी सातला उघडेल त्या दिवशी मी शेजारणीचे पैसे बंद करा म्हणून अर्ज देईन. तोवर दोन्ही मागणार.